अळणी ताट

आमच्या घरी वाईट असं कधी काही झालंच नाही. जे झालं ती परीक्षा होती. माकडांनी छपरावरचे कवेलू फोडले, परीक्षा. दूध नासलं, परीक्षा. बाबांची सायकल चोरीला गेली तेव्हा ते म्हणाले, "देव पाहून राहिला." दोन दिवसांनी ती सायकल शुक्रवारी नावाच्या तलावाजवळ सापडली, पण घंटीशिवाय. तेव्हा म्हणाले, "सायकलची झाली, घंटीची अजून चालू आहे." हे ते विनोदानं म्हणत नसत. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही विनोद केला नाही. जे झाले ते त्यांच्या नकळत झाले. आई एकदा स्टोवला पिन मारता मारता म्हणाली, "अजी, पास झालेल्या पोराले वरच्या वर्गात ढकलतेत. तुम्हाले दरसाल त्याच वर्गात काहून बसवते तुमचा देव?" प्रश्न खरा असला की ते उत्तर शोधायला वेळ घेत. दोन दिवसांनी जेवताना, मध्येच, कोणी काही विचारलं नसताना म्हणाले, "वर्ग चांगला असन, त्याच्यानं."

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. एका बाजूला सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला गिरजाबाईंचं घर. गिरजाबाईंचा नवरा हातमागावर लुगडी विणायचा आणि त्या दारात बसून सुताच्या कांड्या भरायच्या. मागाची खटखट सकाळपासून चालायची आणि आम्हाला ती ऐकूही येत नसे. ऐकू यायचं ते ती थांबली की. माग थांबला म्हणजे आमच्या घरात काहीतरी बोलण्यासारखं चाललं आहे आणि नवरा-बायको दोघंही कान देऊन आहेत, असं समजायचं. तेवढ्यापुरती आई आवाज वाढवायची, म्हणजे त्यांना त्रास नको.

बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, हे भोंग्यातून सांगणं त्यांचं काम. त्यांचा आवाज भरदार होता आणि घरी आल्यावरही तो तसाच राहायचा. मी गल्लीच्या टोकाशी लंगडी खेळत असले की तिथपर्यंत ऐकू यायचं, "सुमनऽ, जेवण वाढण्यात आलेलं आहे." माझ्या मैत्रिणी अजून, म्हणजे ज्या उरल्या आहेत त्या, मला फोन केला की आधी हेच वाक्य म्हणतात.

सातवीत असताना मी त्यांना तो प्रश्न विचारला. वार्षिक परीक्षा जवळ आली होती, गणित कच्चं होतं, त्यामुळे परीक्षा या विषयावर माझा विचार जरा खोल गेला होता.

"बाबा, देवाले सगळं माहीत असते ना?"

"असते."

"मग कोण पास होईन, कोण नापास, हेही आधीच माहीत असन."

"असन."

"मग परीक्षा काहून घेते?"

या वेळी त्यांना दोन दिवस लागले नाहीत. उत्तर त्यांच्या धंद्यातच होतं. "हे पाय," ते म्हणाले, "उमरेडची गाडी पाच नंबरवर लागली हे मले माहीत असते. तरी मी भोंग्यातून सांगतो. कोणासाठी? माझ्यासाठी नाही. बसणाऱ्यासाठी. देवाले माहीत असते तुझ्यात किती दम आहे. तुले माहीत नसते. म्हणून तो घोषणा करते."

मला हे पटलं. मला अजूनही वाटतं की या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी जे सांगितलं आहे ते याहून फार वेगळं नाही, फक्त लांब आहे. पण आई चुलीपुढून म्हणाली, "तुम्ही तं निस्तं सांगता का पाच नंबरवर जा. देवाले सांगाले का होते तसं? तो माणसाले गाडीखाली ढकलते, अन मंग पायते, उठते का म्हणून." माग थांबलेला होता. बाबा म्हणाले, "हळू बोल." आई म्हणाली, "काहून? त्याले तं सगळं माहीतच आहे."

तिला खोकला होता तो तेव्हापासूनचाच. आधी मसाल्याचा, मग उन्हाचा, मग नुसताच. एके दिवशी तिच्या पदराच्या टोकाला लाल डाग दिसला. तो तिनं दुमडून खोचला आणि पोळ्या लाटत राहिली. बाबांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते तिला रिक्षात घालून छातीच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि तिला तिथंच ठेवून घेतलं. क्षय हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारला नाही; 'छातीचं' म्हणायचे. जायच्या आधी, रिक्षात एक पाय ठेवून, आई बाबांना म्हणाली, "घ्या, आली तुमची परीक्षा. पण पेपर तुमचा, अन लिवाले मले बसवलं." बाबांकडे यावर काहीच नव्हतं, त्या दिवशीही नाही आणि दोन दिवसांनीही नाही.

त्या शनिवारी ते ड्यूटीवरून परस्पर रामटेकच्या गाडीत बसले. गड चढले, रामापुढे उभे राहिले, संध्याकाळी परत आले आणि चप्पल काढता काढता मला म्हणाले, "तिची आई घरी येईस्तोवर मी अळणी खाईन." घाबरले की ते असं काहीतरी बोलायचे. माझ्या आईला ते 'तिची आई' म्हणत होते आणि समोर मीच होते.

गिरजाबाई लगेच आल्या. नवसाच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. अळणी भांडं वेगळं, पळी वेगळी, आधी अळणी करायचं, मग मिठाच्या बरणीला हात लावायचा. "अन मोडला तं?" मी विचारलं. गिरजाबाईंनी कांडी खाली ठेवली. "मोडला तं ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावरच निंगते. माह्या जावेनं नवऱ्यासाठी अळणी बोललं होतं. एक दिवस चुकून पापड खाल्ला. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली."

"पण नवस तं नवऱ्यासाठी होता ना?"

"तो म्हशीच्या बाजूलेच झोपला होता," गिरजाबाई म्हणाल्या.

त्या म्हशीनं मला फार त्रास दिला.

आता घरात आम्ही दोघंच. मी सकाळी शाळेआधी स्वयंपाक करायची. आईनं जाण्याआधी मला जे शिकवलं ते एवढंच: पिठलं, वरण, भात, भाकर. लहान कढईत बाबांचं अळणी पिठलं आधी, मग मोठ्या कढईत माझं, त्यात खडे मीठ पाण्यात विरघळवून. मी एकदा बाबांचं चाखून पाहिलं होतं. भिंत चाटल्यासारखं लागलं. बाबा ते सावकाश, वर्तमानपत्र वाचल्यासारखे खायचे आणि चांगलं झालं म्हणायचे. भाकरी कमी कमी होत गेल्या. दोनाची दीड, दीडची एक. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवं छिद्र पाडलं.

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि ऊन तापलं. नागपूरचं मे महिन्याचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगण्यात अर्थ नाही, आणि ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायची गरज नाही. बाबा खिशात कांदा ठेवून सायकलनं जायचे. दीड महिना अळणी झाल्यावर एका बुधवारी त्यांना भोंग्यासमोरच घेरी आली. पडायच्या आधी त्यांनी उमरेडचे प्रवासी रामटेकच्या गाडीकडे पाठवले. गाडी सुटायच्या आत कंडक्टरच्या लक्षात आलं, पण दोन म्हाताऱ्या उतरायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, बोलावणं आलं आहे तर दर्शन घेऊनच येतो. बाबांना रिक्षात घालून घरी आणलं. मी ओलं फडकं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते छपराकडे पाहत म्हणाले, "कडक आहे या वेळची." ऊन म्हणाले की परीक्षा, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर निघाले. रात्रभर मी उठून उठून त्यांचा श्वास ऐकत होते, त्यामुळे सकाळी उठायला उशीर झाला. गिरणीचा भोंगा झाला तरी माझी भाकर तव्यावरच होती. घाईघाईत वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबले. मला वाटलं, भाकर कच्ची राहिली. मग ते जेवले. ताट पुसून घेतलं आणि म्हणाले, "अर्धी भाकर अजून आहे का वं?" मला इतका आनंद झाला की मी माझ्यातली अर्धी दिली. ते गेल्यावर मी माझं ताट घेऊन बसले, घास तोंडात घातला, आणि तो अळणी होता.

कढया बदलल्या होत्या. मी बसल्या जागी थंड पडले, त्या उन्हात. बाबांचा नवस मी मोडला होता आणि आता आई मरणार होती. याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आमच्याकडे म्हैसही नव्हती.

शुक्रवार आणि शनिवार मी कोणाला काही बोलले नाही. दोन्ही दिवस अळणी नीट केलं, कढईला दोरा बांधला. दोन्ही दिवस बाबांनी एकच भाकर खाल्ली. रविवारी आम्ही दवाखान्यात गेलो. मुलांना आत सोडत नसत. आईची खाट व्हरांड्यात होती आणि मी बाहेर कडुनिंबाखाली कठड्याला धरून उभी राहायची. बाबा डॉक्टरांना भेटायला आत गेले आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. म्हशीसकट.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला तो हा: "अर्धी भाकर जास्तीची खाल्ली?"

"हो."

"अन घेरी कधी आली होती?"

"त्याच्या आदल्या दिवशी."

ती खोकली, थांबली, तोंड पुसलं. "आता इकडं पाय. तुले माहीत होतं का कढई बदलली? नव्हतं. तुह्या बापाले माहीत होतं? नव्हतं. माहीत फक्त देवाले होतं. मंग थांबवाचं कोणी होतं?" मी नाक पुसलं. "उन्हात घाम जाते, घामात मीठ जाते, अन माणूस पडते. आजपासून दररोज टाक त्याइच्यात. पोटात जाईन इतकं. गाजावाजा होईन इतकं नाही."

"आई, अन तुले काही झालं तं?"

"मले जे होऊन राहिलं ते मिठानं नाही होऊन राहिलं, सुमे." मग कठड्यातून हात बाहेर काढला, पण मला लावला नाही, डॉक्टरांनी मना केलं होतं. "देवानं इचारलं तं माह्यं नाव सांग. मी तं त्याच्या शाळेत नावच नाही घातलं."

हे ठीक होतं, पण आईचा विश्वास नव्हता आणि माझा होता. आईचं ऐकलं तर आई मरेल आणि न ऐकलं तर बाबा पडतील, असा हा हिशेब होता आणि माझं गणित तर कच्चंच. घरी येईपर्यंत मी तोड काढली. नवस काय होता? या घरात एक ताट अळणी राहील. तर राहील. सोमवारी सकाळी मी बाबांच्या पिठल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि माझं अळणी ठेवलं. देवाच्या कोनाड्यापुढे उभी राहून सांगितलं, "ताट तेवढंच आहे, माणूस बदलला. पाप लागलं तं मले." त्याला सगळं माहीत असल्यामुळे फार समजावून सांगावं लागलं नाही.

बाबा जेवले. चांगलं झालं म्हणाले. महिनाभरात पट्टा जुन्या छिद्रावर आला. मला वाटायचं, किती साधा माणूस आहे, याला काही कळत नाही.

खरी परीक्षा माझीच होती, आणि ती त्या आठवड्यातच सुरू झाली. ज्या बाबांनी कधी बाहेरचं खायला आणलं नव्हतं ते संध्याकाळी स्टँडवरून कागदाच्या पुडीत खारे दाणे आणायला लागले. रोज. "खाय." मी म्हणायची, मग खाते. डब्यात भरून ठेवायची. डबा अर्धा भरला. नवव्या दिवशी दुपारी मी डबा उघडला, नुसता वास घ्यायला, आणि भानावर आले तेव्हा तळाशी फोलपटं होती आणि मी बोटं चाटत होते. रविवारपर्यंत मी मेल्यासारखी वावरले. रविवारी आईचं वजन वाढलेलं निघालं. नापास होऊनही वजन वाढतं, हे माझ्या कुठल्याच समजुतीत बसेना. मी पुन्हा नव्यानं सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात बाबांनी मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी आणल्या. तेव्हा मला खात्री पटली की देवाचा माझ्यावर खासगी राग आहे. कधी उत्तीर्ण झाले, कधी फोडी खाल्ल्या. पण ताटात मात्र चिमूटभरही घेतलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. गल्लीभर लोक ओरडत होते, रोगराई, खोकला, सगळं घेऊन जा म्हणून. त्याच आठवड्यात आई घरी आली. बारीक झालेली, केस गेलेले, जीभ तेवढी शाबूत. दारातच म्हणाली, "भिंती तेवढ्या पिठल्यानं नाही सारवल्या, बाकी घर बरं ठेवलं." मी तिच्या पोटाला मिठी मारून इतकी रडले की माग थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही.

मग आम्ही तिघं नवस फेडायला रामटेकला गेलो. दर्शन झाल्यावर पायऱ्यांवर सावलीत बसलो. आईनं पुऱ्या आणि आलूची भाजी बांधून आणली होती, मीठ घातलेली. रीत अशी की ज्याचा नवस त्यानं पहिला खारा घास घ्यायचा. बाबांनी पुरीत भाजी घेतली, हात तोंडाशी नेला, आणि मध्येच वळून तो घास माझ्या तोंडात घातला. "तू खाय पयले," म्हणाले. आई नसताना पोरीनं घर सांभाळलं, त्याची माया, असं मला वाटलं. मग ते स्वतः जेवले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! काय चव आहे." आई माझ्याकडे पाहत होती आणि माकडं आमच्या तिघांकडे.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं गेली. माझं लग्न झालं होतं, बाबा निवृत्त झाले होते, आणि डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबासाठी मीठ बंद केलं. मी माहेरी आले होते. आई आतल्या खोलीत पडली होती, तिनं तिथूनच सांगितलं, "घ्या, आली परीक्षा." बाबांसमोर अळणी वरण वाढून मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले तं सवय आहे. तेव्हा पाच महिने काढले."

"पाच कुठं? दीड."

वाटी माझ्या हातातच राहिली. "तुम्हाले माहीत होतं?"

"जीभ आहे ना मले. दीड महिन्यानं मीठ लागलं, तं माणसाले न कळन का?"

"मग बोलले काहून नाही?"

"बोलनारच होतो. पण मंग पाहिलं का तू अळणी खाऊन राहिली." त्यांनी वरणात भाकर कुस्करली. "दाणे आणले तं तेही डब्यात भरून राहिली. कैरी आणली तवा कुठं खाल्लं थोडंसं."

मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "नवस मोडला म्हणून भीती नाही वाटली तुम्हाले?"

"वाटली ना. लय वाटली. रामटेकले सांगून दिलं त्याले, माह्यं नको धरू, पोरीचं धर. त्याले माहीत असन, पण आपण सांगावं." मग ते ताटाकडे पाहत म्हणाले, "माहा तं मीठ लागलं त्याच दिवशी मोडला होता. तुहा चालू होता. मी बोललो असतो तं तोही मोडला असता."

आतून आईचा आवाज आला, "मंग पास कोण झालं?"

"ते त्याले माहीत," बाबा म्हणाले.

देवाला सगळं माहीत असून तो परीक्षा का घेतो, हे मला अजून कळलेलं नाही. आता माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. सगळं माहीत असलेला एकच माणूस मी जवळून पाहिला आणि तो रोज संध्याकाळी खारे दाणे घेऊन यायचा. त्या दिवशी मी उठले, बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि बाबांच्या देखत त्यांच्या वरणात टाकलं. त्यांनी एक घास घेतला, थांबले, आणि अर्धी भाकर जास्तीची मागितली.